निनावी चाकाची ओळख

गेल्या अंकात आपण नामनिर्देशन आणि वारसाहक्क यांतील फरक पाहिला. त्यावर आलेल्या पत्रांचा परामर्श पुढील अंकी घेईन. या वेळी मात्र खातेवही बाजूला ठेवून एका स्कूटरच्या चाकाची हकीकत सांगणार आहे. हकीकत घरचीच आहे. परंतु ज्यांच्या घरी किंवा शेजारी दिव्यांग माणसासाठी बाजूला चाके जोडून घेतलेली जुनी दुचाकी असेल, त्यांना तिचा उपयोग व्हावा, म्हणून ती येथे मांडण्याचे धाडस करतो.

अण्णा हे माझे थोरले मावसभाऊ. सांगली जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी त्यांचे किराणा-भुसारीचे दुकान आहे. वयाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतील बळ गेले. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. त्यामुळे आजच्या मुलांनी हा रोग पाहिलेला नाही, ही भाग्याचीच गोष्ट. पण त्या रोगाने ज्यांना गाठले ती पिढी अजून आपल्यात आहे, आणि तिची वाहनेही आहेत.

अण्णांनी १९९६ मध्ये कायनेटिक होंडा घेतली. फिरोदिया घराण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी १९८४ मध्ये एकत्र येऊन काढलेली ही स्कूटर. तिला गिअर बदलावे लागत नसत आणि ती बटण दाबताच सुरू होई. ज्याला पायाने किक मारता येत नाही, त्याच्यासाठी हे बटण म्हणजे केवढी मोठी मोकळीक होती, हे आपल्या सहजी ध्यानात येणार नाही. नवी गाडी घेतल्यावर शेजारच्या शहरातील एका कारखान्यात तिला मागे दोन्ही अंगांना एकेक चाक जोडून घेतले. तो कारखाना कधीच बंद झाला. त्याची पावती राहिली नाही, आणि लोखंडावर नावाची पाटी किंवा ठसा कधी नव्हताच.

गेल्या आषाढात दुकानापाशी गाडी थांबवताना उजव्या बाजूचे चाक वाकडे झाले आणि गाडी त्या अंगाला कलली. पायरीचा कठडा हाताशी होता म्हणून अण्णा सावरले. चाक काढून पाहिले, तर रिम नटांच्या भोकांपाशी तडकलेली होती.

येथून आमच्या शोधाला आणि चुकांना प्रारंभ झाला. जो तो दुकानदार एकच प्रश्न विचारी, "किट कोणत्या कंपनीचे?" त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. शेवटी नातवाने घरबसल्या एक चाक मागवले. "सर्व तीनचाकी स्कूटरना बसते," असे त्याच्या जाहिरातीत म्हटले होते. चाक आले ते दहा इंची. जुने आठ इंची होते. भोकेही जुळेनात. तेव्हा गावातील एका मेकॅनिकने सुचवले, "भोके घासून लांबट करू, बसेल." सुदैवाने अण्णांच्या मुलाने त्याला थांबवले, पण त्याबरोबर त्याने मनाशी निर्णयही घेतला. गाडी भंगारात द्यायची आणि बाबांना रोज आपणच दुकानी सोडायचे.

मला बोलावणे आले ते अण्णांची समजूत घालण्यासाठी. मीही मुलाचीच बाजू घेतली, हे येथे कबूल केले पाहिजे. "अण्णा, गाडीला जवळजवळ तीस वर्षे झाली. आता मुलाच्या गाडीवरून जावे, यात कमीपणा काय?" असे मी म्हणालो. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कमीपणा नाही रे. पण या गाडीवर मी स्वतः चढतो आणि स्वतः उतरतो. बाकी सगळीकडे मला कोणीतरी उचलतं."

यावर मला बोलता आले नाही. घरी परतताना मनात आले की, आपण नोकरीत असताना कागद न पाहता एकही कर्ज नामंजूर केले नाही. मग येथे गाडी न पाहताच निकाल कसा दिला? दुसऱ्या रविवारी मी वही, पट्टी आणि एका परिचित कारखानदाराकडून उसने घेतलेले व्हर्नियर घेऊन पुन्हा गेलो.

बँकेत असताना यंत्रांवरील कर्जांसाठी मला तपासणीस जावे लागे. जुन्या यंत्रावरची पाटी निघून गेली असली की आम्ही तरुण अधिकारी गोंधळून जात असू. आमचे ज्येष्ठ तपासनीस मात्र शांतपणे मापे घेत, सुट्या भागांवरचे क्रमांक उतरवून घेत आणि यंत्राची जात सांगत. त्यांचा तो धडा येथे कामी आला. लहान कारखाना रिमचा पत्रा स्वतः दाबत नाही, टायर ओतत नाही, बेअरिंग घडवत नाही. तो फक्त सांगाडा जोडतो. चाके मात्र बाजारात जी मिळतात तीच वापरतो. म्हणजे जोडणाऱ्याचे नाव हरवले, तरी भागांची नावे हरवलेली नसतात.

सर्वांत आधी टायर वाचावा. अण्णांच्या बाजूच्या चाकावर ३.५०-८ असे लिहिले होते. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास. स्कूटरच्या स्वतःच्या चाकांवर ३.५०-१० होते. अलीकडच्या स्कूटरवर ९०/१००-१० असे दिसते. त्याचा अर्थ रुंदी ९० मिलिमीटर, टायरची उंची त्या रुंदीच्या शंभर टक्के आणि रिम दहा इंची. त्यापुढील ५३जे यातील ५३ हा भाराचा निर्देशांक असून तो २०६ किलोग्रॅम दर्शवतो. टायरच्या अंगावर चार आकड्यांचा एक ठसाही असतो. अण्णांच्या टायरवर तो ३२०७ होता. म्हणजे २००७ सालातील ३२ वा आठवडा. नक्षी निम्मीही झिजली नव्हती, म्हणून सर्वांना तो चांगला वाटत होता. पण कडेचे रबर भेगाळले होते. बाजूच्या चाकांवर भार कमी पडतो, त्यामुळे टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो.

आता उंचीचा हिशेब पाहू. ३.५०-८ या टायरचा बाहेरचा व्यास ढोबळमानाने ३८१ मिलिमीटर होतो, ३.५०-१० चा ४३२. फरक ५१ मिलिमीटरचा. त्याचा निम्मा, म्हणजे सुमारे एक इंच, आसाच्या उंचीत पडतो. नातवाने मागवलेले चाक एकाच बाजूला बसवले असते, तर गाडी कायमची डावीकडे कलली असती. एका दुकानदाराने "रिक्षाचा ४.००-८ टाका, दणकट असतो," असा सल्ला दिला होता. तो आठ इंची रिमचाच टायर. पण त्यानेही ती बाजू अर्धा इंच वर गेली असती, आणि रुंद टायर सांगाड्याला घासण्याचे भय वेगळेच.

हा अर्धा इंच क्षुल्लक का नाही, तेही सांगतो. अशा जोडणीत स्कूटरचे मधले मागचे चाक तसेच राहते. ओढण्याचे काम तेच करते आणि मागचा ब्रेकही त्यालाच असतो. बाजूच्या चाकांना बहुधा ब्रेक नसतो. ती चाके मापापेक्षा मोठी किंवा खाली बसली, तर खळग्यात मधले चाक अधांतरी राहते आणि नेमक्या त्याच क्षणी मागचा ब्रेक निकामी होतो. उलट ती फार वर असली, तर गाडी होडीसारखी डुलते. म्हणून बाजूची चाके नेहमी जोडीने बदलावीत. एक जुने आणि एक नवे, हा व्यवहार येथे परवडत नाही.

त्यानंतर रिमकडे वळलो. जुन्या स्कूटरची रिम दोन अर्धकांची असते. तिच्यावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. एका वर्तुळातील नट चाकाला हबवर धरतात, तर दुसऱ्यातील नट दोन अर्धके एकमेकांना धरून ठेवतात. हवा भरलेली असताना हे दुसरे नट कधीही सोडू नयेत. आतील दाबाने अर्धके उसळून हाताला किंवा चेहऱ्याला गंभीर इजा होऊ शकते. आधी हवा पूर्ण सोडावी, मगच पाना लावावा.

हबच्या नटांची संख्या ही कुळाची खूण असते. आपल्याकडे स्कूटरची दोन मोठी इटालियन घराणी आली. एक व्हेस्पाचे, ज्याच्या परवान्याने पुढे बजाजच्या स्कूटर निघाल्या, दुसरे लॅम्ब्रेटाचे. व्हेस्पाच्या मोठ्या स्कूटरचे चाक पाच नटांवर बसते, लॅम्ब्रेटाचे चारांवर. अण्णांच्या चाकाला पाच भोके होती आणि रिम आठ इंची. बजाज सुपर या जुन्या स्कूटरची चाके आठ इंची, चेतकची दहा इंची. म्हणजे तर्क बजाज सुपरच्या जातीच्या रिमपर्यंत पोचला. 'कोणत्या कंपनीचे किट' या प्रश्नाला उत्तर नव्हतेच. 'कोणत्या स्कूटरची रिम' या प्रश्नाला होते.

तरीही भोके मोजून जुळली म्हणजे चाक बसले, असे नाही. भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास जुळावा लागतो. कारागीर त्याला पीसीडी म्हणतात. चार भोके असतील तर समोरासमोरील दोन केंद्रांतील अंतर हाच तो व्यास. पाच भोकांत समोरासमोर भोक नसते; तेथे लगतच्या दोन केंद्रांतील अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. ते अंतर ६० मिलिमीटर भरले, तर व्यास १०२. याखेरीज मधले मोठे भोक, स्टडची जाडी व आटे, आणि हबवर टेकणाऱ्या भागापासून टायरचा मध्य किती आत वा बाहेर पडतो, हेही पाहावे. भोके घासून लांबट केली की स्टड सैल राहतो. मग चाक नटांच्या घट्टपणावर राहत नाही, दैवावर राहते.

मापे वहीत उतरवून आणि तडकलेली रिम पिशवीत घालून मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. हबही काढून नेला होता. माझी अपेक्षा होती की ते रिम कुठे मिळेल ते सांगतील. त्यांनी रिमकडे पाहिलेसुद्धा नाही. हब हातात घेऊन हलवला आणि म्हणाले, "साहेब, चाक कुठलं ते नंतर बघू. मोडलं का, ते आधी बघा की."

त्यांनी ग्रीस पुसून बेअरिंगवरचा आकडा दाखवला, ६२०३. हे आकडे जगभर एकच असतात, हे मला तेव्हा कळले. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे माप सांगतात. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. आणि ०४ पासून पुढे त्या अंकाला पाचाने गुणायचे, म्हणजे ०४ चे २०, ०५ चे २५. ६२०३ चा बाहेरचा व्यास ४० आणि रुंदी १२ मिलिमीटर. निनावी आसाचे माप असे एका आकड्यात हाती आले. बेअरिंग काढल्यावर मात्र त्यामागे दडलेली गोष्ट उघड झाली. हबमधील बैठक झिजून मोठी झाली होती, आणि कधीतरी कोणीतरी तेथे पत्र्याची पट्टी खुपसून बेअरिंग घट्ट केले होते. ती पट्टी सरकली, चाक डगमगू लागले आणि तो हेलकावा रिमने महिनोन्‌महिने सोसला. रिम हा रोग नव्हता. ते लक्षण होते. नवी रिम त्याच हबवर चढवली असती, तर तीही तडकली असती.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. दुचाकी वळताना आतल्या बाजूला झुकते, त्यामुळे तिच्या चाकावर भार जवळजवळ सरळ येतो. बाजूला चाके जोडली की गाडी झुकू शकत नाही. मग वळणावरचा सारा आडवा जोर रिम, बेअरिंग आणि चाक धरणारा दांडा यांच्यावर पडतो. हे भाग मुळात अशा आडव्या जोरासाठी घडवलेले नसतात. परदेशात मोठ्या मोटरसायकली तीनचाकी करताना मागे बहुधा मोटारीची चाके वापरतात, ती याचसाठी. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १९३२ ते १९७३ पर्यंत सर्व्ही-कार नावाची तीनचाकी बनवली. तिला मागे दोन चाकांचा मोटारीसारखा आस होता. सौराष्ट्रात आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला छकडाही पुढून बुलेट आणि मागून गाडाच असतो. आपल्या स्कूटरच्या बाजूंना लावलेली चाके ही या कुळातील सर्वांत नाजूक शाखा. ती सावकाश चालवावी आणि वळणावर आणखी सावकाश, हे तिचे पथ्य.

मिस्त्रींच्या सांगण्यावरून गाडीच टेम्पोत घालून उद्यमनगरात आणली. तेथे दांड्याच्या वेल्डिंगलगत केसाएवढी चीर सापडली. रंगाखाली ती कोणाला दिसली नव्हती. आषाढात रिमने दगा दिला नसता, तर कधीतरी दांड्याने दिला असता, आणि तेव्हा पायरीचा कठडा हाताशी असताच असे नाही. अण्णांच्या मुलाचे भय निराधार नव्हते. ते मी त्याला त्याच दिवशी फोन करून सांगितले.

मग काम रीतीने झाले. दोन्ही हब नव्याने कातून घेतले, बेअरिंग नवी, दांड्यांची चीर पूर्ण घासून पुन्हा वेल्डिंग आणि दोन्ही बाजूंना आधाराची पट्टी. रिमची जोडी पुण्याच्या नाना पेठेत जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानी मिळाली. जुनी रिम नव्या रिमवर ठेवून, भोकावर भोक आणि कडेवर कड जुळते की नाही हे पाहूनच पैसे दिले. टायर-ट्यूब दोन्ही नवे, आणि ठशावरचा आठवडा वाचून घेतलेले. शेवटी सपाट फरशीवर गाडी उभी करून मधल्या चाकावर पुरेसा भार येतो की नाही, हे अण्णांना प्रत्यक्ष बसवून तपासले. रिकाम्या गाडीवर केलेली तपासणी उपयोगाची नाही, हेही तेव्हाच उमगले.

कागदांविषयी लिहिल्याशिवाय माझ्यासारख्याला चैन पडणार नाही. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करावयाचा तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चे बंधन असते. दिव्यांगांसाठी फेरबदल केलेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्या २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. अशी जोडणी नोंदणी पुस्तकात दाखल असली पाहिजे; नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात वाद उद्भवतो. अण्णांच्या आर.सी. पुस्तकात ती नोंद १९९६ पासून होती. पंधरा वर्षांनी म्हणजे २०११ मध्ये, आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरणही त्यांनी चुकवले नव्हते. व्यापारी माणसाची शिस्त! आम्ही रचना बदलली नाही, मूळ मापाचेच भाग घातले. दहा इंची चाकासाठी सांगाडाच बदलायचे ठरवले असते, तर आधी आर.टी.ओ.ची पायरी चढणे भाग होते.

वाचकहो, आपल्या घरी असे वाहन असेल, तर एवढे करावे. ते धड चालत असतानाच एका सुटीच्या दिवशी टायरचा आकडा, रिमच्या भोकांची संख्या व अंतर, बेअरिंगचा क्रमांक, स्टडचे माप आणि फरशीपासून आसाची उंची एका कार्डावर लिहून ठेवावी. दोन्ही अंगांनी छायाचित्रे काढावीत. वर्षातून एकदा चाक उचलून हाताने हलवून पाहावे. डगमगले तर रिमला दोष न देता हब उघडावा. वेल्डिंगवरचा रंग खरवडून पाहण्यास संकोच करू नये. आणि कोणी पत्रा खुपसून, भोके घासून काम भागवू लागला, तर त्याला आदरपूर्वक नमस्कार करून गाडी परत आणावी.

अण्णांच्या आर.सी.च्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आता असे एक कार्ड आहे. पिता-पुत्रांत तडजोडही झाली आहे. गाडी घर ते दुकान एवढीच चालवायची, पावसात नाही, आणि दर सहा महिन्यांनी मुलाने स्वतः चाके तपासायची. श्रावणातील एका सकाळी मी मुद्दाम दुकानी गेलो होतो. अण्णा आले, गाडी पायरीला लावली, कठड्याला धरून उतरले आणि गादीवर बसले. मी पुढे केलेला हात त्यांना दिसला होता. त्यांनी तो धरला नाही. मलाही त्याचे बरे वाटले.